एक गाडी, एक सायकल आणि दोन पायथे: रेंज ट्रेकला परतीची सोय कशी करायची

राजगड-तोरणा एका दिवसात केलेल्या माणसाला विचारा की सगळ्यात जास्त वैताग कुठे आला, तोरण्याच्या बुधला माचीखालचा घसारा (सुट्या मातीचा निसरडा उतार) सांगणारे थोडेच भेटतील, बाकीचे वेल्ह्याच्या स्टँडवरची संध्याकाळ सांगतील. म्हणजे कसं की गाडी सकाळी राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात लावलेली असते, दिवसभर धारेवरून चालून तोरण्याच्या बिनी दरवाजातून खाली वेल्ह्यात उतरायचं, गुडघे बोलायला लागलेले, अंधार पडत आलेला आणि गाडी मात्र डोंगराच्या पलीकडे. त्या वेळेला वडाप (शेअर जीप) नसतं. एखादा जीपवाला तयार होतो पण त्याला रिकामं परत यायचं असतं म्हणून तो दोन्ही बाजूंचे पैसे सांगतो, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. मग चौघांपैकी दोघं कुणाच्या तरी बाईकवर बसून गाडी आणायला जातात आणि उरलेले दोघं हॉटेल बंद होईपर्यंत चहावर चहा पीत बसतात.

यावर मला सायकलचा उपाय लागू पडला आणि आता एका पायथ्याला चढून दुसऱ्या पायथ्याला उतरायचा कुठलाही ट्रेक ठरवताना मी आधी तोच विचार करतो. कल्पना साधी आहे, एका टोकाला गाडी ठेवायची, दुसऱ्या टोकाला सायकल, मधलं अंतर चालायचं. पण साधी असली तरी कुठल्या टोकाला काय ठेवायचं आणि सायकल कधी चालवायची हे चुकलं की सगळा दिवस बिघडतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, अख्ख्या ग्रुपला मिळून एकच सायकल पुरते. लोकांना वाटतं चौघांना चार सायकली लागतील, टेम्पो करावा लागेल वगैरे. सायकल फक्त गाडीवाल्याला लागते, बाकीच्यांनी ती बघितली नाही तरी चालेल. त्यामुळे ग्रुपमध्ये एकाला २० किमी सायकल चालवायची सवय असली की काम झालं.

दुसरी गोष्ट जी मला फार आवडते ती म्हणजे दोन्ही टोकांना काही ना काही वाहन असतं. पाऊस आला, कुणाचा पाय मुरगळला, वाट सापडली नाही आणि अर्ध्यातून मागे फिरावं लागलं तरी जिथून निघालात तिथे एक तर गाडी उभी आहे किंवा सायकल. परतीची एसटी चुकेल या भीतीने लोक नको तिथे पुढे रेटत जातात, ते इथे होत नाही, मागे फिरणं सोपं होऊन जातं.

आता कुठला ट्रेक यासाठी चालतो ते बघू, कारण सगळे चालत नाहीत. नकाशा उघडा आणि दोन्ही पायथ्यांमधलं रस्त्याचं अंतर मोजा, डोंगरावरचं नाही, डांबरी रस्त्याचं. माझा स्वतःचा हिशोब असा की २५ किमीच्या आत असेल आणि रस्त्याचा एकूण चढ ३०० मीटरच्या आसपास असेल तर सायकल, त्याच्या वर गेलं की दुसरी काहीतरी सोय. चढ बघणं महत्त्वाचं आहे, कारण २० किमी सपाट आणि २० किमी घाट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सायकलवाल्यांच्या कुठल्याही ॲपमध्ये रस्ता आखला की उंचीचा आलेख दिसतो, तो बघितल्याशिवाय ठरवू नका.

सह्याद्रीत एक गोष्ट सारखी दिसते. किल्ले बसलेत धारेवर, आणि धारेच्या दोन बाजूंना दोन नद्यांची खोरी. पायथ्याची गावं दोन वेगवेगळ्या खोऱ्यांत असतील तर रस्ता एका खोऱ्याने खाली उतरतो, डोंगराच्या सोंडेला वळसा घालतो आणि दुसऱ्या खोऱ्याने वर चढतो. वेल्हे-गुंजवणे अगदी असंच आहे, वेल्ह्याहून विंझर करत मार्गासनीपर्यंत उतरत यायचं आणि तिथून साखर गावावरून गुंजवण्याकडे आत वळायचं, शेवटी चढ लागतो. साधारण २० किमी धरून चाला. हे सायकलच्या टप्प्यात बसतं.

न बसणारे पण सांगतो, म्हणजे कुणी उगाच सायकल लादून नेणार नाही. हरिश्चंद्रगड खिरेश्वरहून तोलार खिंडीने चढून पाचनईला उतरायचा मोह सगळ्यांना होतो, वाट सुंदर आहे, पण पाचनई अकोले तालुक्यात आणि खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, रस्त्याने एवढा मोठा वळसा पडतो की सायकलीने तो वेगळा दिवसभराचा कार्यक्रम होईल. नाणेघाटाचं तसंच, खाली वैशाखरे, वर जुन्नरकडचं घाटघर, पायी काही तासांचं काम, आणि रस्त्याने जायचं तर माळशेज घाट चढून फिरून या. एकूणच कोकणातून घाटावर जाणाऱ्या घाटवाटांना ही सायकल शटल, म्हणजे सायकलने गाडीपर्यंत ये-जा, जवळजवळ कधीच जमत नाही, कारण गाडीचा घाट लांब कुठेतरी असतो आणि त्याचा चढ वेगळाच. आणि जिथे रेल्वे आहे तिथे सायकल हवीच कशाला, लोणावळ्याहून राजमाचीला चालत जा, कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कोंदिवड्याला उतरा, रिक्षाने कर्जत, कर्जतहून गाडी पकडून परत लोणावळा. तिथे रेल्वेच तुमची शटल.

आता मुख्य मुद्दा. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण एकच चूक करतो, सायकल शेवटच्या गावात ठेवतो आणि गाडी सुरुवातीच्या गावात. कागदावर बरोबर वाटतं, चालून झालं की सायकल उचलायची आणि गाडीपर्यंत जायचं. पण मोठ्या ट्रेकला हे करू नका. ९-१० तास चालून, तोरण्यासारखा उतार उतरून मांड्या थरथरत असतात, पायात गोळे यायची वेळ झालेली असते, वर अंधार, आणि त्यात २० किमी सायकल, शेवटी चढ. मी हे एकदा केलंय. मार्गासनीच्या पुढे सायकल हातात धरून चालत गेलो होतो, दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले होते आणि रस्त्याच्या कडेला बसून मीठ-साखरेचं पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाने उठता आलं.

मोठ्या ट्रेकला उलटं करा. गाडी शेवटच्या गावात, सायकल सुरुवातीच्या गावात, आणि सायकल चालवायची आदल्या दिवशी संध्याकाळी. राजगड-तोरण्यालाच धरून सांगतो. शनिवारी दुपारी १ ला पुणं सोडा, नसरापूर-मार्गासनी करत ३ पर्यंत गुंजवण्यात पोचा, तिथे बाकीच्यांना आणि सगळं जड सामान उतरवा. गाडीवाला सायकल घेऊन एकटा वेल्ह्याला जातो, पावणेचारपर्यंत पोचतो, गाडी नीट विचारून लावतो आणि ४ ला सायकलवर बसतो. पाठीवर ओझं नाही, पाय ताजे, ऊन उतरायला लागलेलं, वाटेत दोन्ही बाजूला शेतं आणि समोर राजगड हळूहळू वर येत जातो. खरं सांगतो, कधीकधी सगळ्या ट्रेकमधला हाच भाग मला जास्त आवडतो. मध्ये चहाला थांबलात तरी साडेपाचपर्यंत गुंजवण्यात. थंडीत ६ च्या आसपास सूर्य मावळतो म्हणून त्याच्या आत पोचायचं हे पक्कं ठेवा. रात्री गावातच एखाद्या घरी पिठलं-भाकरी खा आणि लवकर झोपा.

सकाळी ५ ला टॉर्च लावून निघायचं. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर यायला सव्वादोन-अडीच तास, शेवटचा टप्पा उभा आहे आणि तिथे रेलिंग धरून चढावं लागतं त्यामुळे घाई नको. साडेसातला नाष्टा, टाक्यातलं पाणी गाळून भरून घ्या, माणशी ३ ते ४ लिटर, कारण पुढे तोरण्यापर्यंत पाण्याचा भरवसा नाही. वाटेत धनगरांच्या झापावर (झोपडीवर) कधी ताक, लिंबू सरबत मिळतं, मिळालं तर नक्की घ्या, पण त्यावर अवलंबून राहू नका. बालेकिल्ला या दिवशी सोडा, त्यासाठी वेगळा दिवस काढा. संजीवनी माचीने अळू दरवाजातून बाहेर पडायला ९ वाजतात, मग धार धरून चालत राहायचं, साधारण ११ ते १२ च्या मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. ही खिंड सुटकेची जागा आहे हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, तिथून रस्त्याने वेल्ह्याच्या बाजूला उतरता येतं. माझा नियम असा की दुपारी १ पर्यंत खिंड गाठली नाही तर तोरणा सोडायचा, पाणी संपलं असेल तरी सोडायचा. तोरणा १४०३ मीटर उंच आहे आणि दिवसाचा सगळ्यात कष्टाचा चढ खिंडीच्या पुढेच आहे. बुधला माचीवर २ च्या सुमारास, मेंगाईच्या देवळापाशी ३, आणि कोठी दरवाजा, बिनी दरवाजा करत ५ पर्यंत वेल्ह्यात. आणि वेल्ह्यात गाडी समोर उभी. बूट काढायचे, चप्पल घालायची, चहा प्यायचा, निघायचं. मार्गासनी पुण्याला जाताना वाटेवरच लागतं, तिथून आत वळून गुंजवण्यातली सायकल उचलायची, एवढाच काय तो वळसा.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला एक हिशोब आजही वापरतात, दर ५ किमीला १ तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. आपल्याकडे घसारा, कारवीचं रान, ऊन आणि फोटो हे सगळं धरून मी त्याच्या दीडपट करतो. सायकलला खेड्यातल्या रस्त्यावर ताशी १२ ते १५ किमी धरा, शहरात तुम्ही २२ ने चालवत असाल तरी.

किल्ल्या! यासाठी वेगळा परिच्छेद लिहितोय कारण या पद्धतीत सगळ्यात मोठी गडबड इथेच होते. वेल्ह्यात गाडी लावून सायकलने गुंजवण्यात आलो, गाडीची किल्ली सायकलच्या सीटखालच्या पाऊचमध्ये टाकली होती, सकाळी अंधारात निघालो आणि ती तिथेच राहिली. संध्याकाळी वेल्ह्यात गाडीला टेकून उभं राहिल्यावर लक्षात आलं. जीप करून गुंजवण्याला गेलो, किल्ली घेतली, परत आलो, घरी पोचायला रात्रीचे १२ वाजले आणि बरोबरच्यांपैकी एकाची सोमवारी सकाळची पहिली शिफ्ट होती. तेव्हापासून दोन गोष्टी करतो. गाडीची किल्ली चालायच्या सॅकच्या आतल्या हुकला अडकवायची आणि सायकलवर बसायच्या आधीच अडकवायची, म्हणजे किल्लीसाठी ती छोटी सॅक सायकलवरही पाठीवर असते. आणि गाडीची दुसरी किल्ली, सायकलच्या कुलुपाची दुसरी किल्ली, दोन्ही ग्रुपमधल्या दुसऱ्या माणसाकडे. सकाळी निघताना मोठ्याने विचारायचं, किल्ली कुणाकडे, आणि हातात धरून दाखवायची.

सायकल ठेवायची कुठे? रस्त्याच्या कडेला झाडाला किंवा खांबाला बांधून जाऊ नका. चोरीची भीती खेड्यात त्या मानाने कमी आहे, पण पोरं गिअर फिरवून बघतात, गुरं अंग घासतात, माकडं सीटवरची पिशवी फाडतात, आणि उन्हात दिवसभर टायर तापत राहतात. ज्यांच्याकडे जेवलात, राहिलात त्यांनाच विचारा, "मामा, सायकल ओसरीत लावली तर चालेल का, उद्या संध्याकाळी न्यायला येतो," नाही म्हणणारं घर मला अजून भेटलं नाही. पैसे ते मागत नाहीत म्हणून द्यायचे नाहीत असं करू नका, मी जेवणाच्या पैशांवर १०० रुपये वेगळे देतो. आपण जीप केली असती तर गावात पैसे गेलेच असते ना, सायकल आणून ते वाचवताय तर त्यातले थोडे गावात राहू द्या, जेवण, चहा, मुक्काम गावातच करा. आणि कुलूप ओसरीत असलं तरी लावा, नाहीतर दिवसभर लक्ष ठेवायची जबाबदारी मावशींवर येते.

याचा आणखी एक उपयोग आहे जो मला नंतर लक्षात आला. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांना तुमचा बेत माहीत असतो. निघताना सांगून ठेवा, "सहा-सातपर्यंत सायकल न्यायला येतो, आठपर्यंत आलो नाही आणि फोनही लागला नाही तर तोरण्याच्या बाजूला कळवा," आणि एक नंबर लिहून द्या. धारेवर रेंज कधी असते कधी नसते, घरच्यांना पुण्यात बसून काही कळत नाही, पण ओसरीत उभी असलेली सायकल बघून मामांना बरोबर कळतं की पोरं अजून उतरली नाहीत. अडचण आलीच तर ११२ आहेच, तरी वाटा माहीत असलेली माणसं गावातच असतात. आणि कुठल्याही कारणाने बेत बदलला, खिंडीतून उतरलात, तर रेंज आल्याबरोबर त्यांना पहिला फोन करा. त्यांना रात्री वाट बघत बसवू नका.

सायकल कशी हवी याचा फार बाऊ करायला नको. गिअरवाली कुठलीही साधी हायब्रिड किंवा एमटीबी, टायर ३५ मिमीच्या वर, ब्रेक चांगले. बारीक टायरची रोडबाईक आणू नका, शेवटच्या ३-४ किमीत खडी आणि खड्डे असतातच. पेडल सपाट पाहिजेत म्हणजे ट्रेकच्या बुटांवरच चालवता येते. जुनी सेकंडहँड सायकल यासाठी सगळ्यात बरी, ओरखडे पडले तरी जीव तुटत नाही. मागे कॅरियर असेल तर पाणी, जॅकेट रबरी पट्ट्याने त्यावर बांधा. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दिवसा चालवणार असलात तरी हवाच, कारण उशीर होतोच. एक जादा ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, ॲलन की चा संच. पंक्चर काढता येत नसेल तर घरी एकदा बसून शिका, मार्गासनीच्या पुढे संध्याकाळी दुकान शोधत बसण्यात अर्थ नाही. हेल्मेट आणि दिवे सायकलबरोबरच ओसरीत ठेवायचे, सॅकला लटकवून गडावर नेऊ नका, चोर दरवाज्यात अडकतं.

गाडीत सायकल टाकताना पुढचं चाक काढा, मागची सीट पाडा, खाली जुनी चादर. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मग चाक जात नाही, दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा घडी घातलेला तुकडा सरकवून ठेवा. चौघं आणि सायकल हॅचबॅकमध्ये मावत नाही, त्यासाठी डिकीला पट्ट्यांनी लावायचा रॅक घ्या, पण नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना ते बघा, आणि एक्सप्रेस हायवेसारख्या वेगात पट्टे सैल होतात म्हणून अर्ध्या तासाने थांबून एकदा हलवून बघा.

आता छोट्या ट्रेकचं. छोट्या ट्रेकला मघाचा नियम उलटा करायला हरकत नाही, शेवटी सायकल चालवायला मजा येते. माझं आवडतं उदाहरण रतनगड. गाडी रतनवाडीत, सायकल साम्रदला. सकाळी आधी साम्रदला जाऊन सायकल एखाद्या घरी ठेवायची, मग गाडीने रतनवाडीत येऊन ८ च्या आत चढायला लागायचं. रतनवाडीच्या वाटेने शिड्या आहेत, शनिवार-रविवारी तिथे रांग लागते म्हणून लवकर. गणेश दरवाजा, गुहेतली रत्नादेवी, वर नेढं (कातळाला आरपार पडलेलं भोक), नेढ्यात बसून वारा खाऊन झाला की त्र्यंबक दरवाज्याने खाली, कातळात कोरलेल्या पायऱ्या उभ्या आहेत आणि पावसात निसरड्या असतात. समोर खुट्टा सुळका, त्याला वळसा घालून जंगलातून साम्रद. दुपारी २ च्या आसपास पोचता, पाय थकलेले असतात पण संपलेले नसतात. मग भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रतनवाडीपर्यंत १० किमीच्या आतबाहेर सायकल. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याचं हे पाणी, आणि प्रवरा याच डोंगरात उगम पावते. रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी शांतपणे बघायची ती शेवटी, चढायच्या आधी घाईत नको. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, प्रवेशाची पावती घ्यावी लागते, ती सांभाळून ठेवा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी याच रस्त्यावर रात्री गाड्यांची रांग असते, तेव्हा अंधारात इथे सायकल चालवू नका, तुम्हालाही धोका आणि काजव्यांच्या रानात आणखी एक दिवा कशाला.

ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी कात्रज ते सिंहगड करून बघा. आदल्या दिवशी सायकलने पुण्याहून खडकवासल्यावरून सिंहगडाच्या पायथ्याला जा, डोणजे-गोळेवाडीकडे ओळखीच्या हॉटेलात किंवा घरी सायकल ठेवा, बसने परत या. दुसऱ्या दिवशी पहाटे कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जा, वाघजाईच्या देवळापासून टेकड्या सुरू होतात, १३ टेकड्या म्हणतात पण मोजायला लागलात की हिशोब चुकतो. सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागलात की चालत किंवा वडापने खाली, आणि तिथून सायकलने घरी, खडकवासल्यापर्यंत बराचसा उतार. लोक हा ट्रेक रात्री करतात, सायकल जोडणार असाल तर मात्र दिवसाच करा, रात्रभर जागून सकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये सायकल चालवणं धोक्याचं आहे. उन्हाळ्यात नको, टेकड्यांवर सावली नाही.

खाण्याचं थोडक्यात. चालून मग सायकल असेल तर उतरल्यावर भरपेट जेवू नका, केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू आणि ओआरएस, १५ मिनिटं पाय वर करून पडून राहा, मग बसा. पहिला १ किमी हलक्या गिअरवर नुसते पाय फिरवायचे. उतारावरून उतरताना मांडीचे पुढचे स्नायू आखडलेले असतात, त्यांना लगेच जोर लावायला सांगितलं की गोळा येतोच. सायकल आधी असेल तर उलट, संध्याकाळी जोरात चालवून दाखवायच्या नादात सकाळचे पाय घालवू नका, हा मोह सायकलवाल्यांना फार होतो.

रस्त्यावर भीती गाड्यांपेक्षा तीन गोष्टींची. न रंगवलेले स्पीडब्रेकर, वळणावर सांडलेली खडी, आणि कुत्री. कुत्रं मागे लागलं की वेग वाढवू नका, थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा आणि शांतपणे चालत पुढे जा, गावाची हद्द संपली की ते आपोआप मागे फिरतं. गुरं घरी परतायची वेळ आणि तुमची संध्याकाळची सायकल एकच असते, म्हशींना घंटी वाजवून घाबरवण्यापेक्षा गुराख्याला हाक मारा.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर धारेवर गवत वाळलेलं असतं, वणव्याची भीती आणि पाण्याची मारामार. भर पावसात राजगड-तोरणा धारेवर ढग उतरतात, समोरचा माणूस दिसत नाही, तेव्हा करू नका. पावसाळ्यात करायचाच असेल तर रतनगडासारखा छोटा, तोही जोर कमी असताना, शिड्या आणि पायऱ्यांवर सावकाश, आणि सायकलची साखळी त्याच रात्री पुसून तेल घाला, एका रात्रीत गंज धरतो.

पहिल्यांदा करताना थेट मोठा ट्रेक घेऊ नका. आधी एकदा नुसती सायकल त्या दोन गावांच्या मध्ये चालवून या, ट्रेक न करता. रस्ता कळतो, चहाची टपरी कळते, कुणाच्या ओसरीत सायकल राहील ते ठरतं, आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा मामांना आधी फोन करून सांगता येतं की शनिवारी संध्याकाळी येतोय, चार माणसांच्या भाकरी टाका.